पुठ्ठ्याचा जिना

आजचा विषय खरे म्हणजे प्राध्यापकांचा आहे. आमची शाळा दहावीला सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, फावल्या वेळी आणि पुष्कळसे हातांनी झाले. तेव्हा डीएनए या रेणूविषयी हातांना जेवढे कळले तेवढेच आम्ही सांगू.

हातांनी शिकण्यात कमीपणा मात्र नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स वॉटसन हेच करीत होता. रेणूच्या भागांचे धातूचे पत्रे वर्कशॉपमधून कापून यायचे होते. तेवढा धीर न धरवून त्याने पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि ते टेबलावर जुळवीत बसला. (पत्रे कापणाऱ्या कारागिरांची नावे कोणी सांगत नाही, पण ते आमचे नेहमीचे गाऱ्हाणे आहे, असो.)

आम्हीही कचेरीत दोन दोऱ्या आणि पुठ्ठा घेऊन बसलो. या रेणूत चार प्रकारचे तुकडे असतात : अ‍ॅडेनिन व ग्वानिन हे मोठे, थायमिन व सायटोसिन हे लहान. दोन तुकड्यांची एक पायरी होते. सारख्यास सारखा जोडावा असे आमच्या मंडळींना वाटले. आधी वॉटसनलाही तसेच वाटले होते. तसे जोडताच मोठ्यापुढे मोठा आला तिथे जिना फुगला आणि लहानापुढे लहान आला तिथे आवळला. मोठा अ‍ॅडेनिन लहान थायमिनशी आणि मोठा ग्वानिन लहान सायटोसिनशी जोडला, तेव्हा कुठे जिना वरपासून खालपर्यंत एकसारखा आला. अ‍ॅडेनिन जितके तितकेच थायमिन आणि ग्वानिन जितके तितकेच सायटोसिन, हे चारगाफने मोजून ठेवले होतेच. त्याचे कारण असे हाती लागले.

मग पीळ दिला. रिंगफ्रेमवर वीस वर्षे काढलेले आमचे एक सभासद लांबूनच म्हणाले, “पीळ उलटा पडला.” पुस्तक उघडून पाहिले तर गृहस्थ बरोबर! डीएनएचा पीळ उजवा, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा, आणि एका वेढ्यात सुमारे दहा पायऱ्या. आमच्या पायऱ्या ३.४ सेंटिमीटर अंतरावर होत्या, म्हणजे खऱ्याच्या दहा कोटी पट. या मापाने माणसाचा एक संपूर्ण संच, म्हणजे सुमारे तीन अब्ज पायऱ्या, बांधायचा तर एक लाख किलोमीटर दोरी लागेल. पृथ्वीला अडीच वेढे बसतील.

हा पीळ ज्या छायाचित्रावरून स्पष्ट झाला ते १९५२ सालचे आणि रोझालिंड फ्रँकलिन या विदुषीच्या कामातले. तिला न विचारता ते वॉटसनला दाखवले गेले. १९६२ चे नोबेल वॉटसन, क्रिक व विल्किन्स या तिघांना मिळाले. फ्रँकलिन १९५८ मध्येच, वयाच्या ३७ व्या वर्षी वारली होती. श्रम एकाचे आणि हजेरी दुसऱ्याची, हा प्रकार आम्हाला नवा नाही.

आता नक्कल कशी होते ते पाहा. जिना मधून उसवला की प्रत्येक अर्धा भाग साचा होतो, कारण अ‍ॅडेनिनसमोर काय यायचे ते ठरलेलेच आहे. जुना पुठ्ठा तपकिरी होता, नवा आम्ही पांढरा घेतला. पहिल्या खेपेस दोन जिने झाले, दोन्ही अर्धे तपकिरी, अर्धे पांढरे. दुसऱ्या खेपेस चार झाले : दोन मिश्र, दोन शुद्ध पांढरे. मेसेलसन व स्टाल यांनी १९५८ मध्ये जड नायट्रोजनवर वाढवलेल्या जंतूंत नेमका हाच हिशेब दाखवला.

हा खटाटोप आम्ही का केला, ते आता सांगतो. आमच्या एका सभासदाच्या मुलाला सिकलसेल आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, वेदना असह्य होतात. (विळा आम्हाला अन्य कारणाने प्रिय आहे, पण रक्तात नको!) घरात सगळा दोष सुनेवर होता : “तिच्या माहेरचं रक्त.” हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच घटक बदललेला असतो, हे व्हर्नन इंग्रॅमने १९५६-५७ मध्ये त्याच कॅव्हेंडिशमध्ये शोधले. आमच्या जिन्यावर तो बदल दाखवायचा तर एकच पायरी काढून फिरवून बसवायची. अ‍ॅडेनिन डावीकडचा उजवीकडे. जिना कुठे फुगत नाही, आवळत नाही. म्हणून पेशी ही चूकही इमानाने उतरवीत राहते.

आम्ही दोन जिने आजीच्या दोन हातांत दिले. एक आईकडचा, एक बापाकडचा. एकातच पायरी फिरलेली असेल तर माणूस सहसा धडधाकट राहतो. दोन्हींत असेल तर आजार. आईबाप दोघेही असे वाहक असले तर दर अपत्याला चारात एक धोका.

म्हातारीने दोन्ही जिन्यांवरून बोट फिरवले. फिरलेली पायरी दोन्हींकडे सापडली.

“म्हणजे माह्या पोराकडूनबी आलं?”

आम्ही होय म्हटले. तिने जिने खाली ठेवले आणि सुनेला म्हणाली, “बस इथं. उभी काऊन?”