पंख्याचे बटन का बिघडते?

छताचा पंखा चालता चालता थांबतो, आणि बटन दोनतीनदा दाबले की पुन्हा फिरू लागतो. पुष्कळ घरांत ही गोष्ट तेवढ्यावरच सोडून दिली जाते. वस्तुतः ती बिघाडाची पहिली सूचना असते.

भारतातील घरांत वीज २३० व्होल्ट दाबाने येते. नेहमीच्या जुन्या धर्तीच्या पंख्याला सुमारे ७५ वॉट शक्ती लागते. म्हणजे बटनातून एकतृतीयांश अँपिअर इतकाच प्रवाह जातो. ६ अँपिअरच्या बटनाला हा भार मुळीच जड नाही. तरीही ते बिघडते, कारण बटन बंद करताना धातूचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर होतात. पंख्यातील तारेच्या वेटोळ्यांमुळे प्रवाह तत्क्षणी थांबत नाही आणि त्या फटीत बारीक ठिणगी पडते. अशा असंख्य ठिणग्यांनी धातूवर काजळी धरते, स्प्रिंग ढिली होते, स्क्रूची पकडही सैल पडते. संपर्क असा कच्चा झाला की तेथे रोध वाढतो, रोधाने उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने संपर्क अधिकच बिघडतो.

तथापि प्रत्येक दोष बटनाचाच असतो असे नाही. बटनातून तडतड ऐकू येत असेल किंवा ते हाताला गरम लागत असेल, तर बटनच बिघडले आहे असे समजावे. जुना, रोधतारेचा रेग्युलेटर असलेला पंखा फक्त पूर्ण वेगानेच फिरत असेल, तर रेग्युलेटरमधील तार तुटलेली असण्याचा संभव असतो. पंखा नुसता गुणगुणतो, पण हाताने ढकलल्यावाचून फिरत नाही, अशा वेळी कंडेन्सर तपासावा लागतो.

बटन बंद केले म्हणजे धोका टळला, ही समजूत मात्र घातक आहे. बंद बटनाच्या एका टोकाशी फेजची तार जिवंतच असते. शिवाय वायरिंग करताना बटन चुकून न्यूट्रल तारेवर बसविले असेल, तर थांबलेल्या पंख्यातही विजेचा दाब कायम राहतो. म्हणून टेस्टर चालू स्थितीतील सॉकेटवर प्रथम पारखून घ्यावा, मग मेन स्विच बंद करावा, आणि बोर्ड उघडल्यावर प्रत्येक तार टेस्टरने तपासावी.

काजळलेले बटन खरवडून वापरण्यापेक्षा नवे बसविणेच इष्ट. कोणती तार कोठे होती याची खूण करून ठेवावी. तारेचे काळवंडलेले टोक कापून तांब्याचा स्वच्छ भाग उघडा करावा. तो स्क्रूखाली घट्ट आवळावा. उघडे तांबे बाहेर राहू देऊ नये.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत परवानाधारक कंत्राटदाराच्या अटीतून अशा साध्या बदलास सूट होती. मात्र जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलता कामा नये, असा दंडक होता. त्यामागील विचार आजही मार्गदर्शक आहे. जळका वास येत असेल, भिंत ओलसर असेल किंवा तारेचे आवरण कडक होऊन तडकले असेल, तर मेन स्विच बंद करून जाणकार वायरमनला बोलवावे. मुलांनी हे काम केवळ दुरून पाहावे. बटनाची किंमत अल्प असते. निष्काळजीपणाची किंमत जिवानिशी मोजावी लागते.