सहीची रांग

जानेवारीत सेंट लुईसमध्ये बेसबॉल खेळणं अशक्य असतं. मैदान गोठलेलं असतं आणि मिसिसिपीवरून येणारा वारा कान बधिर करतो. तरीही मार्टिन ल्यूथर किंग दिनाला जोडून येणाऱ्या सुट्टीत लाल टोप्या घातलेली माणसं गावोगावहून इथे येतात. कार्डिनल्स या संघाच्या चाहत्यांचा हा ‘विंटर वॉर्म-अप’ मेळावा 1997 पासून भरतो. आजी-माजी खेळाडू टेबलाशी बसून सह्या देतात. सहीसाठी तिकीट काढावं लागतं आणि ते पैसे ‘कार्डिनल्स केअर’ या संघाच्या धर्मादाय संस्थेकडे जातात.

मी क्रिकेटवर पोसलेला माणूस. पण आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक हाडाचे कार्डिनल्सवाले, त्यांच्यामागून गेलो. त्यांचं लक्ष खेळाडूंवर होतं, माझं टेबलाभोवती राबणाऱ्या स्वयंसेवकांवर खिळलं. पैसा उभा राहतो तो त्यांच्या हातांतून.

रांगेचं काम टेबलाच्या बरंच आधी सुरू होतं. पहिली स्वयंसेवक बाई तिकीट बघते आणि तुमची वस्तूही बघते. चेंडू डबीतून आधीच काढून ठेवायला लावते, कारण टेबलाशी पोहोचल्यावर प्लॅस्टिकचं झाकण उघडत बसलात तर मागचे शंभर जण खोळंबतात. मग चेंडू फिरवून दाखवते. शिवणीच्या दोन ओळी जिथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात, तिथली चिंचोळी कोरी जागा वर यायला हवी. तिला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. संग्राहकाला एकट्याची सही तिथेच हवी असते. सगळ्या संघाच्या सह्या एका चेंडूवर घ्यायच्या असतील तर ती जागा मॅनेजरसाठी राखून ठेवण्याची जुनी रीत आहे.

पेन निळं बॉलपेनच. चेंडूचं कातडं शाई शोषतं. मार्करने सही केली की काही वर्षांत अक्षरांच्या कडा पसरतात आणि सहीचा डाग होतो. बॅटवर किंवा फोटोवर मात्र मार्कर चालतो. त्यामुळे टेबलावर दोन्ही ठेवलेले असतात आणि खेळाडूच्या बाजूला बसलेला मुलगा समोरची वस्तू बघून योग्य ते पेन त्याच्या हातात देतो. खेळाडूला निवडावं लागत नाही. सही झाली की शाई वाळेपर्यंत चेंडू शिवणीवर धरून उचलायचा, हेही सांगितलं जातं. तरी एका बाबांनी आनंदाच्या भरात मूठ वळलीच. त्यांच्या चेंडूवरच्या आडनावाची शेपटी अंगठ्याला लागून आली.

हे सगळं एवढ्या काटेकोरपणे का, तर चाहत्याला खेळाडूसमोर जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. ते पेन शोधण्यात गेलं तर माणूस हिरमुसतो आणि पुढच्या वर्षी तिकीट काढत नाही. वस्तू आणि पेन तयार असेल तर मात्र त्याला एक वाक्य बोलता येतं. शेजारच्या काकांनी आपल्या वाट्याच्या वेळात एका म्हाताऱ्या पिचरला त्याचीच एक जुनी मॅच आठवून दिली. तो हसला, मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मग सही केली. काका परतीच्या वाटेवर त्या हसण्याबद्दलच बोलत होते, चेंडू खिशातच राहिला.

तिकिटाचे दर मात्र नावाप्रमाणे. नव्या पोराची सही जेवणाच्या पैशांत मिळते, मोठ्या नावाची तीन आकड्यांत जाते. आपल्याकडे वर्गणीचा आकडा देणाऱ्याच्या ऐपतीवर ठरतो. इथे तो सही करणाऱ्याच्या कीर्तीवर ठरतो. मला हे पूर्ण पटलेलं नाही. ज्याचा मागचा हंगाम वाईट गेला त्याच्या टेबलाशी रांग तुटक असते. तो बिचारा स्वयंसेवकांशी गप्पा मारत बसतो. ज्या मुलांसाठी हा पैसा उभा राहतो, त्यांच्या गरजा त्याच्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजप्रमाणे खालीवर होत नाहीत, निधी मात्र होऊ शकतो.

सही समोर घेण्याला एवढं मोल येण्यामागे आणखी एक कारण आहे. 1998 मध्ये याच संघाच्या मार्क मॅकग्वायरने 70 होमरन मारले आणि त्याच्या सहीला सोन्याचा भाव आला. मागोमाग खोट्या सह्यांचा धंदाही बोकाळला. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने जी टोळी पकडली, तिच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा सापडले! टोनी ग्विन या सॅन डिएगोच्या खेळाडूला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. 2001 मध्ये मेजर लीग बेसबॉलने प्रमाणीकरणाची पद्धत सुरू केली. सही होताना किंवा वस्तू मैदानातून येताना साक्षीदार तिथे हजर पाहिजे, तरच त्यावर क्रमांक असलेला होलोग्राम चिकटतो. या साक्षीदारांत आजी-माजी पोलीस पुष्कळ असतात. नंतर कोणी कितीही शपथा घेतल्या तरी त्या कामाला येत नाहीत.

पैसा जातो मुलांकडे. कार्डिनल्स केअर मुलांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना अनुदान देते, मैदानं बांधते आणि ‘रेडबर्ड रूकीज’ ही फुकट लीग चालवते. त्यात हातमोज्यापासून गणवेशापर्यंत सगळं मिळतंच, शिवाय अभ्यास आणि आरोग्यासाठीही मदत असते.

निव्वळ शिक्षणासाठी याच वाटेने उभा राहणारा पैसा बघायचा तर जॅकी रॉबिन्सन फाउंडेशनकडे बघावं. 1947 मध्ये रॉबिन्सन आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून मेजर लीगमध्ये आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध खेळायला कार्डिनल्सचे काही खेळाडू नकार देणार असल्याची बातमी न्यूयॉर्कच्या पेपरात झळकली होती. रॉबिन्सन 1972 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी पत्नी रेचल यांनी ही संस्था काढली. ती होतकरू मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देते. दर 15 एप्रिलला लीगमधला प्रत्येक खेळाडू त्यांचा 42 नंबर घालून उतरतो. त्या दिवशी अंगावर चढलेले शर्ट होलोग्राम लावून लिलावात काढले गेले आहेत आणि ती रक्कम या संस्थेला मिळाली आहे. आज कार्डिनल्सचे खेळाडूही तो नंबर घालतात. ज्या गावाचं नाव त्या बातमीशी जोडलं गेलं, तिथला मेळावा किंग दिनाला जोडून भरावा, हे मला बरं वाटतं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणाला अशा मेळाव्याला जायचं असेल, तर निळं बॉलपेन खिशात असू द्या आणि पोरांना घेऊन जा. चेंडूवर पोराचं नाव घालून घ्या. विकायला गेलात तर त्याची किंमत कमी येईल, पण तुम्हाला तो विकायचा नाही. आणि तिकीट काढण्याआधी त्या संस्थेचा ‘फॉर्म 990’ वाचा. अशा संस्था दरवर्षी सरकारला हा हिशेब देतात आणि तो कोणालाही बघता येतो. वाटप किती आणि कारभाराचा खर्च किती, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.