ऑनलाइन तिकिटाच्या रांगेत तुमचा नंबर नेमका कसा लागतो?

आमच्या टेंभी नाक्याच्या देवीला जो आधी रांगेत उभा राहतो, त्याला आधी दर्शन. मोठ्या मॅचच्या ऑनलाइन तिकिटांचं मात्र तसं नसतं.

२०११ च्या वर्ल्ड कप फायनलची तिकिटं ऑनलाइन आली आणि लोड इतका आला की साइटच बसली. हे टाळायला आता ‘वेटिंग रूम’ असते. २२ सप्टेंबर २०२४ ला बुकमायशोवर कोल्डप्लेची तिकिटं काढायला गेलेल्यांनी ती बघितलीच असेल. अशा बऱ्याच सिस्टिम्समध्ये, विक्रीआधी आलेल्या सगळ्यांना सुरुवातीच्या क्षणी रँडम नंबर मिळतो. म्हणजे पहाटेपासून लॉगिन करून बसलात तरी फायदा नाही. उशिरा आलात तर मात्र शेवटी.

मग ब्लॅकवाले कसे जिंकतात? सोपं आहे: शंभर अकाउंट म्हणजे शंभर चिठ्ठ्या. म्हणून ओटीपी आणि तिकिटांची मर्यादा हवी.

रीसेलमध्ये क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊ नका. तोच पाच जणांना विकता येतो आणि गेटवर पहिला स्कॅन होणाराच आत जातो. सतत बदलणारा क्यूआर आणि ॲपमधूनच मूळ किमतीत रीसेल, हा त्यावरचा उपाय.

पण कोड न्याय देतो तो रांगेत आलेल्या तिकिटांपुरताच. वानखेडेवरच्या त्या फायनलला सुमारे ३३ हजार सीट्स होत्या. सामान्य प्रेक्षकांसाठी जेमतेम ४ हजार. बाकीची क्लब, आयसीसी वगैरेंकडे. म्हणून ‘सर्व्हर का बसला?’ याच्या आधी विचारा, ‘विक्रीला तिकिटं किती ठेवलीत?’