लेखमाला, भाग 9: सातबाऱ्याचा उजवा रकाना

रविवारच्या पुरवणीत, एसटी स्टँडमागच्या फ्लेक्सवर आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपच्या दर दुसऱ्या ग्रुपवर साधारण एकच मजकूर दिसतो: हायवे टच, डोंगराचा व्ह्यू, गुंठा अमुक लाख, सुलभ हप्ते, सातबारा नावावर. यातले पहिले चार दावे खोटे निघाले तरी माणूस फारसा बुडत नाही. हायवे दीड किलोमीटर लांब निघतो, डोंगर पलीकडच्या बंगल्यामागे लपतो, एवढंच. पाचवा दावा मात्र शब्दशः खरा ठरूनही बुडवू शकतो.

मागच्या भागात आपण रीट, म्हणजे रिअल इस्टेट गुंतवणूक ट्रस्ट, पाहिले. वाटपयोग्य रकमेतले किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यायचं बंधन आणि नको झालं की शेअर बाजारात विकायची सोय, हे त्यातले दोन मोठे गुण. त्यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे सगळं ठीक, पण नावावर जमीन कुठे झाली? म्हणून आज जमीन. आणि तीही शेतजमिनीतून पाडलेले छोटे प्लॉट. मराठी नोकरदाराची निवृत्तीची पुंजी सर्वांत सहज अडकते ती इथेच, असं माझं मत आहे.

एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून आपल्याकडे 1947 पासून तुकडेबंदी कायदा आहे. त्यातलं प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र 2023 मध्ये कमी करण्यात आलं आणि बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीसाठी 20 गुंठे, बागायतीसाठी 10 गुंठे असं ठरलं. याचा सरळ अर्थ असा, की जिरायत शेतातले दोन गुंठे वेगळे काढून तुम्हाला रीतसर विकताच येत नाहीत. मग फ्लेक्सवरचे दोन गुंठे विकले कसे जातात?

दहा-अकरा ग्राहक एकत्र केले जातात. त्यांच्या नावे मिळून वीस-बावीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत होतं, फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक लागतात. ‘सातबारा नावावर’ हे वचन पाळलं गेलं. पण त्या सातबाऱ्यात तुमचा वाटा सामाईक आहे. जागेवर चुन्याच्या रेघा असतील, सिमेंटचे खांब असतील, तुम्ही चार आंब्याची कलमंही लावली असतील. पण भूमी अभिलेखच्या नकाशात त्या रेघा नाहीत. मोजणीचा अर्ज केला तर मोजणी होते ती अख्ख्या गटाची. वाटप करून मागावं, तर पुन्हा तोच तुकडेबंदी कायदा आडवा येतो. आणि उद्या विकायला काढलं की नवा ग्राहक विचारतो, यातला तुमचा तुकडा कोणता? त्याला दाखवायला तुमच्याकडे कंपनीच्या लेटरहेडवरचा रंगीत लेआउट असतो. त्यातला नऊ मीटरचा रस्ताही तेवढ्याच किमतीचा. दहातला एक जण बिथरला, वारला किंवा परदेशी गेला की बाकीच्यांचंही अडतं.

असे जुने व्यवहार मार्गी लावायला सरकारने वेळोवेळी वाट काढली आहे. 2017 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरून ते नियमित करायची तरतूद झाली, पुढे ती 5 टक्क्यांवर आली आणि 2025 मध्ये शहरी व नियोजन क्षेत्रांतल्या तुकड्यांना आणखी मोकळीक मिळाली. एजंट आता हेच कात्रण दाखवतात. ते कात्रण गावाबाहेरच्या, शेती विभागातल्या जमिनीला उपयोगाचं नाही, हे मात्र ते सांगत नाहीत.

आता प्रत्यक्ष उतारा हातात घेऊ. गाव नमुना सातवर डोळा आधी नावावर आणि क्षेत्रावर जातो. तसं न करता थेट उजव्या रकान्याकडे जावं. त्याचं शीर्षक ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असं असतं. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो इथे दिसतो. त्याचा इलाज आहे, कर्ज फेडून बोजा कमी करून घेता येतो. ‘कु.का. कलम 43 च्या बंधनास पात्र’ असं लिहिलेलं असेल, तर ती जमीन कुळाला कूळकायद्याने मिळालेली आहे आणि विक्रीवर अटी आहेत. खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकारणीच्या 40 पट नजराणा भरून त्या सुटतात, आणि ही रक्कम बहुधा किरकोळ असते. मालक तेवढंही करत नसेल तर का करत नाही, ते विचारावं. ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’ अशी नोंद असली, तर आधीच्या खरेदीतच पाणी मुरलं आहे. कोकणात, रायगड-ठाण्याच्या डोंगरउतारांवर खाजगी वनांची नोंद किंवा वन कायद्याच्या कलम 35(3) च्या नोटिशीचा उल्लेख सापडला, तर उतारा घडी घालून परत द्यावा. घासाघीस करू नये. रकान्याबाहेर भूधारणा पद्धतीपुढे ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल, तर विक्रीआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागणार. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला ती घेताच येत नाही.

आणखी एक धोका उताऱ्यावर नसतो, घेणाऱ्याच्या घरात असतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी हवा. कूळकायद्याचं कलम 63 तेच सांगतं. ‘दाखल्याचं आम्ही बघतो’ असं म्हणणारे भेटतात. बनावट दाखल्यावर झालेला व्यवहार तहसीलदार अवैध ठरवू शकतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दाखला काढून देणारा तोवर दुसऱ्या तालुक्यात दुसरी स्कीम विकत असतो.

शिवाय सातबारा हा महसुली दफ्तराचा उतारा आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण मालकी त्या नोंदीने जन्माला येत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मालकी शोधायची तर जुने फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडचे तीस वर्षांचे दस्त बघावे लागतात. एखाद्या फेरफारात ‘बहिणींनी हक्क सोडला’ असं असेल, तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागावं. नुसत्या जबाबावर बहिणींची नावं कमी केलेली असतील, तर पुढे भाचे दारात उभे राहतात.

मग प्लॉट घ्यायचाच नाही का? घ्यावा, पण एनए झालेला, मंजूर रेखांकनातला, स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका असलेला. विकायला पाडलेले प्लॉट 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत असतील, तर महारेराची नोंदणी लागते आणि जाहिरातीत तो क्रमांक छापावा लागतो. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज 30 टक्के भरा, रेट वाढतोय’ असं जिथे ऐकू येतं, तिथे पुढचं ऐकायची गरज नाही. माझा एक आवडता उपाय आहे: कर्ज नको असलं तरी दोन बँकांत प्लॉट लोनची चौकशी करावी आणि कागद दाखवावेत. बँकेचा वकील ज्या कागदांवर कर्ज देत नाही, त्यांवर आपण भविष्यनिर्वाह निधी ओतायचं कारण नाही.

असा प्लॉट अर्थातच महाग असतो. इथे हिशेब सरळ मांडू. समजा प्लॉट 10 लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, मोजणी, कुंपण धरून 11 लाख गेले. बारा वर्षांनी 20 लाखांना विकला. घरात सगळे म्हणतात, ‘डबल झाले!’ प्रत्यक्षात हा चक्रवाढीने वर्षाला जेमतेम 5 टक्के परतावा झाला. नफ्यावर 12.5 टक्के कर गेला की साडेचारच्या आसपास राहतो. मध्ये एक रुपया भाडं नाही, आणि वर्षातून दोनदा जाऊन कुंपण जागेवर आहे ना, ते बघायचं काम फुकटात. याच जागी 35 लाख आले असते तर चित्र वेगळं होतं, हे खरं. तसे भाव काही ठिकाणी मिळालेही आहेत. पण विमानतळाच्या भिंतीबाहेर राहिलेल्या जमिनीची कथा सगळे सांगतात. भिंतीच्या आत गेलेल्या जमिनीला संपादनाची नोटीस मिळते.

शेतजमीन विकली की कर नसतो, हेही अर्धसत्य. सूट आहे ती ग्रामीण शेतजमिनीला. वस्ती दहा लाखांवर असलेल्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटर, एक ते दहा लाखांच्या शहरापासून 6 आणि त्याहून लहान, पण दहा हजारांवर वस्तीच्या नगरपालिकेपासून 2 किलोमीटर, याच्या आत असलेली जमीन ग्रामीण धरत नाहीत. एनए प्लॉटला तर ही सूट नाहीच. प्लॉट 24 महिन्यांहून जास्त काळ ठेवला तर नफा दीर्घ मुदतीचा. 23 जुलै 2024 आधी घेतलेला असेल, तर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून 20 टक्के किंवा न लावता 12.5 टक्के, यांतला कमी बसेल तो कर भरता येतो. त्यासाठी खरेदीच्या वेळच्या सगळ्या पावत्या लागतील. मोजणीच्या शुल्काचीसुद्धा जपून ठेवावी.

पुढच्या आठवड्यात सोनं: दागिना, नाणं, ईटीएफ आणि सार्वभौम सुवर्ण रोखे.