नवऱ्याची सही लागत नाही

‘बाई, घोवाची सही होयी काय?’ शिरोड्यात हा प्रश्न मला नेहमी, अगदी खालच्या आवाजात विचारला जातो. घरधनी मुंबईला, नाहीतर ट्रॉलरवर. चतुर्थीला चाकरमानी येऊन जातात आणि दिवाळीच्या सुमारास पाळी चुकल्याचे ध्यानात येते, हे आम्हा डॉक्टरांना पाठ आहे! उत्तर सरळ आहे. बाई १८ वर्षे पूर्ण झालेली व मनाने धड असेल, तर गर्भपातासाठी फक्त तिची संमती पुरते. नवऱ्याची नको, सासूची तर नकोच. अल्पवयीन मुलीसाठी मात्र पालकांची लेखी संमती लागते.

दवाखान्यात ‘गर्भलिंग निदान गुन्हा आहे’ अशी पाटी असते. ती वाचून गर्भपातच बेकायदा, असा समज अनेकींनी करून घेतला आहे. हे दोन कायदे निराळे. गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा, आणि त्यात शरीराइतकाच मनाचा विचार आहे. संततिनियमनाचे साधन फसून दिवस राहिले, तर त्या मनस्तापाने मानसिक आरोग्याला गंभीर इजा होते, असे कायदाच गृहीत धरतो. पूर्वी ही सवलत विवाहितेपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने तो शब्द गेला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कार, गर्भारपणात आलेले वैधव्य अशा काही प्रसंगी दोन डॉक्टरांच्या मताने २४ पर्यंत मुभा आहे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. बाईचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

तरीही लाजेपोटी कुणाकडून तरी गोळ्या आणवून परस्पर घेतल्या जातात. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली की जिवावर बेतते. आधी तपासणी, मग गोळी.

‘गर्भपाताने बाईच्या डोक्यावर परिणाम होतो’ हे आणखी एक ऐकीव. अमेरिकेत सुमारे हजार स्त्रियांची पाच वर्षे पाहणी झाली. गर्भपात झालेल्यांत नैराश्य वाढलेले आढळले नाही. उलट ज्यांना नकार मिळाला, त्याच सुरुवातीला अधिक चिंताग्रस्त होत्या. चार दिवस रडू येईल, सुटल्यासारखेही वाटेल, दोन्ही स्वाभाविक. पूर्वी नैराश्य असलेली किंवा जबरदस्तीने आणलेली बाई मात्र मी वेगळी बसवून बोलते. जबरदस्ती सासरची असो वा माहेरची, तिला मी संमती मानत नाही.

दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जीव नकोसा वाटतो, असे झाले तर थांबू नये. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते.