कुंपणाला निर्गुडी लावा, पण पान पाहून

निळ्या फुलांचे कुंपण हवे म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही चर्चच्या आवाराभोवती ड्युरँटा लावला. रोपे विकणारा म्हणाला, "निर्गुडीच समजा." आम्ही समजलो! दोन पावसाळे गेल्यावर त्याला पिवळ्या मण्यांसारखे फळांचे घोस लागले. धर्मशिक्षणाच्या वर्गाला आलेल्या एका लेकराने ती फळे खाल्ली. ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा दवाखाना गाठावा लागला. पोर बरे झाले. कुंपण आम्ही त्याच आठवड्यात मुळासकट उपटले.

ड्युरँटा हे अमेरिकेकडून आलेले शोभेचे झाड. त्याची फळे माणसांना व गुरांनाही विषारी. निर्गुडी मात्र आपल्याच मातीतली. आपले कानडी शेजारी तिला लक्की म्हणतात, गुजरातेत नगोड, तेलंगणात वाविली. ओढ्याकाठी ती आपोआप वाढते.

नुसत्या फुलावर विसंबू नये, पान पाहावे. निर्गुडीच्या एका देठावर हाताच्या बोटांसारखी पाच पाने असतात, कधी तीन. मधले सर्वांत लांब. वरून हिरवी, खालून पांढुरकी, चुरगाळताच उग्र वास. ड्युरँटाचे पान सुटे असते. निर्गुडीचे तुरे फिकट निळे-जांभळे, फळ मिऱ्यासारखे व काळे.

लावणी सोपी आहे. संत अंतोनीच्या सणापासून (१३ जून) सांजांवपर्यंत (२४ जून), पाऊस लागला की जुन फांदीचे बोटाएवढ्या जाडीचे, वीतभर लांब फाटे तोडावेत. खालचे टोक तिरके कापून अर्ध्याहून जास्त भाग जमिनीत पुरावा. दोन फाट्यांत फूटभर अंतर पुरे. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावे, पुढे दरवर्षी शेंडे छाटले की बुडाशी दाट होते. शेळ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत. कुंपणाला आणखी काय हवे?

पाला सावलीत खडखडीत वाळवून धान्याच्या कणगीत थराथराने घातला तर किडीला आळा बसतो. ओला पाला घालाल तर धान्याला बुरशी येईल. दुखऱ्या गुडघ्यांना पाला गरम करून शेकावे, हा आपल्या आजीबाईंचा उपाय आम्हीही करतो. काढा मात्र वैद्याला विचारल्याशिवाय पिऊ नये, गरोदर बायांनी तर मुळीच नाही. आणि ताप अंगात असेल तर आधी डॉक्टरकडे जावे.

आमची नवी निर्गुडी आता कमरेच्या वर गेली आहे. ज्यांना फाटे हवेत त्यांनी पावसाच्या तोंडावर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आवारात यावे. कोयता ज्याचा त्याने आणावा.