टेम्पो भरला, ओटीपी कुठाय?

खोपोलीत जुन्या मुंबई-पुणे हमरस्त्यालगतच्या एखाद्या वर्कशॉपचं ऑफिस घ्या. दारात टेम्पो भरून उभा, आत अकाउंटंट टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल मारतोय. कंट्रोल-ए दाबून बिल सेव्ह केलं की टॅली विचारतं, ई-इनव्हॉइस काढायचं का? होकार दिला की बिल सरकारी पोर्टलवर जातं आणि ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) नि क्यूआर कोड घेऊन परत येतं. ज्यांची उलाढाल ५ कोटींवर गेली, त्यांना व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर १ ऑगस्ट २०२३पासून हे लागतंच.

काही सेकंदांचं काम. पण टॅलीला पोर्टलच्या दारातून आत सोडायचं म्हणजे आधी परवानग्या.

पहिली टॅलीचीच. टीएसएस हे वर्गणीचं खातं चालू हवं. ते संपलं तरी बिलं निघतात, पण पोर्टलशी बोलणं बंद. मग फाइल काढून हाताने चढवत बसा. दुसरी परवानगी सरकारी. पोर्टलवर लॉगिन करून यादीतून जीएसपी, म्हणजे जीएसटी नेटवर्कने नेमलेला मध्यस्थ निवडायचा (टॅली स्वतःही जीएसपी आहे) आणि त्याच्यासाठी वेगळं युजरनेम-पासवर्ड बनवायचं. पोर्टलचं नेहमीचं लॉगिन टॅलीत चालत नाही. नवा माणूस हमखास तेच टाकतो आणि नेट स्लो आहे म्हणून बोंबलतो.

खरी गोची हे युजरनेम बनवताना येणाऱ्या ओटीपीची. तो जातो जीएसटीत नोंदवलेल्या मोबाइलवर. मोबाइल शेठच्या खिशात, शेठ बोरघाटात, आणि रेंज गायब! वर्गणी भरलेली असूनही काम तिथेच अडतं.

माल वाहून न्यायला लागणाऱ्या ई-वे बिलाला अंतर लागतं, ते पोर्टल दोन्हीकडच्या पिनकोडवरून काढतं. कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३: शेवटचा एक आकडा चुकला की गाव बदललं. गाडीचा नंबर 'वाहन' या सरकारी पोर्टलच्या नोंदीशी ताडला जातो. २०२१पासून ई-वे बिल फास्टॅगशीही जोडलंय, त्यामुळे टोलनाक्यावरून गेलेली गाडी अधिकाऱ्यांना बसल्या जागी दिसू शकते.

बिल चुकलं तर २४ तासांत रद्द करता येतं. त्यातही क्रम आहे: आधी ई-वे बिल रद्द, मगच आयआरएन. आणि तो बिल नंबर पुन्हा चालत नाही, नवा घ्यावा लागतो.